फार कमी वापरलेली

जाहिरातीत दोनच ओळी होत्या. १९ फुटी शिडाची होडी, ११ वर्षं जुनी. आणि खाली ठळक अक्षरांत: ‘फार कमी वापरलेली’.

मी त्या तीन शब्दांवर भाळलो. आपल्याला गाड्यांची सवय असते. जुनी गाडी घेताना पहिली नजर जाते ती किलोमीटरच्या आकड्यावर, आणि आकडा लहान असला की आपण मनातल्या मनात खूश होतो. या मालकानं दोन मोसम होडी चालवली, मग नोकरी बदलली, मग मूल झालं, मग ताडपत्री घातली ती घातलीच. नऊ वर्षं ती ट्रेलरवर एका कोपऱ्यात उभी. मी हिशेब केला: वय ११, पण चाललेली दोनच वर्षं, म्हणजे जवळजवळ नवीच की! ताडपत्री काढल्यावर तिची निळी चकचकीत बाजू दिसली आणि मी घासाघीससुद्धा धड केली नाही. पॉलिश केलेल्या त्या बाजूत माझा चेहरा दिसत होता. त्यावरचा मूर्खपणा मात्र दिसला नाही.

होडीला किलोमीटरचा आकडा नसतो. असता आणि तो इतका कमी दिसला असता, तर आजचा मी तिथूनच माघारी फिरलो असतो.

पुढच्या डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या पृष्ठभागावर, पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा तो किंचित दबला. अगदी किंचित, भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर उभं राहिल्यावर वाटतं तसं. मी स्वतःची समजूत घातली, लहान होडी आहे, एवढी लवचीक असणारच. (पैसे मोजून झाल्यावर माणूस स्वतःची काय काय समजूत घालतो, यावर वेगळा लेख होईल.) मग डोलकाठीच्या टोकाची कप्पी फिरेना, शीड अर्ध्यावरच अडकलं. तळाखालचं उभं पातं, म्हणजे कील, वर-खाली करायच्या तारेचे तुटके धागे तळहातात घुसले. आउटबोर्डच्या, म्हणजे मागे लटकवलेल्या इंजिनाच्या, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक झाला होता. आणि घडी करून ठेवलेल्या शिडात कधीतरी उंदरांनी संसार थाटला होता. शीड उलगडलं तर एका रांगेत पाच सारखी भोकं, लहान मुलं कागद दुमडून कातरतात आणि नक्षी निघते तशी.

ट्रेलरच्या टायरची नक्षी मात्र शाबूत होती. कडेचं रबर तेवढं बारीक बारीक चिरलेलं. टायरच्या बाजूवर एका छोट्या चौकटीत चार आकडे असतात; पहिले दोन त्या वर्षातला आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ते वाचायचे असतात हे मला टायर फुटल्यावर कळलं.

यातली एकही गोष्ट वापरामुळे बिघडलेली नव्हती. सगळं उभं राहून राहून झालं होतं.

डेकचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण जुनी होडी बघायला गेलेल्या दहातल्या नऊजणांची फसगत तिथेच होत असावी. फायबरग्लासची होडी म्हणजे वरपासून खालपर्यंत फायबरग्लास, असा माझा समज होता. पाण्यातला भाग, म्हणजे हल, अनेक लहान होड्यांत तसा अखंड असतो. डेक तसा नसतो. तो अखंड केला तर एकतर जड होतो, नाहीतर लेचापेचा. म्हणून फायबरग्लासचे दोन पातळ थर करतात आणि मध्ये हलकं काहीतरी भरतात: बाल्सा लाकडाचे उभे तुकडे, प्लायवूड किंवा फोम. दोन थरांतलं अंतर वाढलं की ताठपणा वाढतो, वजन फारसं वाढत नाही. फार हुशारीची रचना आहे. अट एकच, मधला भाग कोरडा राहिला पाहिजे.

आणि डेकवर तर जिथे तिथे भोकं. दोर बांधायची क्लीट बोल्टनं बसवलेली, कठड्याचे खांब बोल्टनं, दोर ओढायचा विंच बोल्टनं, डोलकाठीच्या तारा बांधायच्या पट्ट्याही डेकमधून खाली उतरलेल्या. प्रत्येक भोकाभोवती कारखान्यात लावलेलं सीलंट. ते काही जन्मभर पुरत नाही. उन्हानं आकसतं, होडी हलते तसं सुटतं, आणि बोल्टच्या बाजूनं केसाएवढी वाट होते. माझ्या होडीवर ताडपत्री होती खरी, पण ती मधोमध झोळीसारखी खाली आली होती. झोळीत पावसाचं पाणी, पाण्यात पानं, आणि झोळीच्या बरोबर खाली पुढची क्लीट. नऊ पावसाळे तिथे थेंब थेंब गळत राहिला.

खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या होडीची नासाडी गोडं पाणी करतं, हे ऐकून मला आधी चेष्टाच वाटली होती. पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. लाकडी जहाजं बांधायचे तेव्हा फासळ्यांच्या मधल्या जागेत मुद्दाम मीठ भरायची पद्धत होती. लाटांचं पाणी अंगावर घेतलेली होडी वाळते, तिच्यावर मिठाचा थर बसतो, कुणीतरी ती धुतो, कुठे ओल दिसली की बोल्ट काढून पुन्हा सीलंट लावतो. उभ्या होडीवर नुसता पाऊस पडत राहतो.

दुरुस्ती मीच केली, कारण कारागिराला पैसे द्यावेत एवढी त्या होडीची लायकी राहिली नव्हती. वरचा फायबरचा थर चौकोनात कापून उचलला. खाली बाल्सा असायला हवा होता. निघाला काळा लगदा, चमच्यानं काढता येईल असा, कुजलेल्या पानांच्या वासाचा. तो खरवडायचा, वाळवायचं, कडांना कोरडं लाकूड लागेतो कापत जायचं, नवे तुकडे एपॉक्सीत बसवायचे, वरचा थर पुन्हा चिकटवायचा, घासायचं, रंगवायचं. काचेच्या धुळीनं मनगटं इतकी खाजायची की झोप लागत नसे. एका पावलाएवढ्या मऊ जागेपासून सुरुवात झाली होती. संपलं तेव्हा पुढचा जवळजवळ निम्मा डेक मी बदलला होता. पायाला जेवढं जाणवतं त्याच्या तिप्पट आत असतं, हा माझा अनुभव.

दुसऱ्या वेळी मामाला बरोबर नेलं. मामानं आयुष्यभर होड्यांची तपासणी केली. कुणी होडी घ्यायला निघाला की त्याला किंवा विमा कंपनीला अहवाल लिहून देणं हा त्याचा धंदा होता. पहिल्या वेळी त्याला का नेलं नाही, तर तो ‘नको’ म्हणेल अशी भीती होती. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याला माहीत असणारच.

होडी २२ फुटी, वय ३८. माझ्या पहिल्या होडीच्या तिप्पटीहून जास्त. बाहेरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, उन्हानं इतका उतरलेला की बाजूवरून हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी पांढरी पूड लागली. उशांची कापडं विटकी. ‘चल, निघूया’ असं माझ्या तोंडावर आलं होतं.

मामानं तिच्याकडे पाहिलंच नाही आधी. आत उतरला, फळ्या उचलल्या, बाकांखालची झाकणं उघडली आणि प्रत्येकात तोंड घालून वास घेतला. कुबट वास म्हणजे पाणी कुठूनतरी येतं आणि जात नाही. मग खिशातून नाणं काढलं आणि गुडघ्यांवर बसून डेक वाजवायला लागला. कुंभाराकडे मडकं वाजवून बघतात ना, तसं. टक्, टक्, टक्. शाबूत जागी आवाज टणक येतो, खणखणीत. जिथे थर सुटले असतील किंवा आत ओल असेल तिथे तो एकदम बसतो, बद्द होतो. मामा वीतभर अंतर सोडत अख्ख्या डेकवर रांगला. डाव्या बाजूला एका खांबाच्या बुडाशी आवाज बदलला, तिथे त्यानं खडूनं वाटीएवढा गोल काढला. एवढंच. ३८ वर्षांत एक वाटी.

“डेक कुणीतरी सांभाळलाय,” तो म्हणाला. “आता डोलकाठीखालचं बघू. आतलं दार लावून बघ.”

आतल्या छोट्या दाराशी डोलकाठीचा काय संबंध, हे मला कळेना. अनेक लहान होड्यांत डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा भार आतल्या आडव्या लाकडी भिंतीवर किंवा एका खांबावर उतरतो. तारा ताणलेल्या असतात, त्या काठीला सतत खाली दाबत असतात. खालचं लाकूड कुजलं की डेक कणाकणानं बसतो, दाराची चौकट तिरपी होते आणि दार घासायला लागतं. तेल घालून, रंधा मारून मालक ते दार सरळ करत राहतो. म्हणून दाराच्या वरच्या कडेला रंध्याची ताजी खूण आहे का, तेही मामानं बोटानं चाचपून बघितलं. नव्हती. दार एका बोटानं लागलं.

इथे थोडं थांबून वयाबद्दल बोलतो. फायबरग्लासच्या होडीचं वय किती असू शकतं, याचं उत्तर ती बनवायला लागले तेव्हा कुणाकडेच नव्हतं. १९४० च्या दशकात या पदार्थाच्या पहिल्या छोट्या होड्या झाल्या. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात पिअरसन कंपनीची ट्रायटन ही २८ फुटी होडी आली, पुढे तशा ७०० हून अधिक बनल्या, आणि त्यांतल्या कितीतरी आजही पाण्यात आहेत. म्हणजे पासष्टी ओलांडली तरी हल ठणठणीत. त्या काळच्या बांधणाऱ्यांनी लाकडाच्या अंदाजानं, हात राखून न ठेवता, जाड थर दिले. म्हणून ‘होडी ४० वर्षांची आहे’ एवढ्यावरून हल थकला असं म्हणताच येत नाही. हल सहसा मालकाहून जास्त जगतो.

पण हल म्हणजे अख्खी होडी नव्हे. एका होडीला एक वय नसतंच मुळी. ती एकत्र कुटुंबासारखी असते. हल पणजोबा, डोलकाठी आजोबा, शिडं मधल्या पिढीतली, दोर आणि बॅटरी कालची पोरं. जाहिरातीत छापलेलं वय पणजोबांचं असतं. मागच्या सपाट भागावर उजव्या कोपऱ्यात वर कोरलेला क्रमांक वाचता आला तर तेही पडताळता येतं. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या होड्यांवर असा १२ अक्षरी-अंकी क्रमांक सक्तीचा आहे, आणि हल्लीच्या क्रमांकात शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष असतात. विकणारा दरवेळी खोटं बोलतो असं नाही. पुष्कळदा त्यालाही आधीच्या मालकानं जे सांगितलं तेच माहीत असतं. बाकी कुटुंबाची वयं मात्र कुठेच कोरलेली नसतात. ती विचारावी लागतात, नाहीतर ओळखावी लागतात.

आणि काही माणसं या कुटुंबात खरोखरच वयानं थकतात, हे मी माझ्या सिद्धान्ताच्या आड येत असूनही कबूल करतो. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टेनलेसच्या तारा, म्हणजे रिगिंग, हे त्यातलं पहिलं. त्या ताणल्या जातात, सैल पडतात, पुन्हा ताणल्या जातात. प्रत्येक झुळकीबरोबर धातू थोडा थोडा दमतो. १० ते १५ वर्षांत बदला, असं रिगिंगचे कारागीर आणि विमेवाले सांगतात ते उगाच नाही. तारेतला एखादा धागा तुटून त्याचं टोक बाहेर आलंय का, हे बघायला फडकं फिरवायचं. फडकं अडकलं तर ती तार गेली. हातानं बघू नये. तारेच्या टोकाला जिथे नळी दाबून बसवलेली असते तिथे भिंगातून केसासारखी चीर शोधायची.

स्टेनलेसचा एक स्वभाव मला फार उशिरा कळला. ते चकाकतं ते अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा टिकायला हवा लागते. हवेत असलेला तुकडा वर्षानुवर्षं छान राहतो. डेकमधून आरपार जाणारी चेनप्लेट, म्हणजे तारा जिला बांधतात ती पट्टी, डेकच्या जाडीत सीलंटनं गच्च वेढलेली असते. तिथे पाणी शिरलं आणि हवा शिरली नाही, की वर चकचकीत, खाली चकचकीत आणि बरोबर मधल्या बोटभर जागेत धातूला खड्डे पडत जातात. पट्टी बाहेर काढल्याशिवाय ते दिसत नाही. बाहेरून एखादा चहाच्या डागासारखा तपकिरी ओघळ दिसला तर नशीब समजायचं. माझ्या पहिल्या होडीवर तो ओघळ होता. पॉलिशवाल्यानं तो मन लावून पुसला होता, हे मला पट्टी काढल्यावर कळलं. ती नखानं उकरावी अशी झाली होती. डोलकाठी माझ्या डोक्यावर आली नाही याचं श्रेय त्या मोसमातल्या मंद वाऱ्याला.

शिडांचंही तसंच. डॅक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टर कापडाचं, शीड वाऱ्यापेक्षा उन्हानं मरतं. त्यातही कापडाआधी शिवणीचा दोरा मरतो; नख घालून ओढला तर पुडीचा दोरा तुटावा तसा तुटतो. नवं शीड हातात घेतलं की कडक कागदासारखं वाजतं, जुनं धुवून धुवून मऊ झालेल्या चादरीसारखं लागतं. मऊ शीड वारा पकडत नाही असं नाही, पकडतं, पण त्याचं पोट मागे सरकतं. मग होडी पुढे जायच्या ऐवजी कलते, आणि नवशिक्याला वाटतं आपल्याला जमत नाही. मला दोन मोसम तसंच वाटत होतं.

वयानं खरोखर किंमत उतरावी अशी एक जात आहे: शर्यतीच्या छोट्या होड्या. उदाहरणार्थ, लेझर नावाची होडी. १९७१ पासून २ लाखांहून अधिक लेझर बनल्या, सगळ्या सारख्याच, ४.२ मीटरच्या. त्यांची जुनी गर्दी बाजारात नेहमीच असते. शर्यत करायची असेल तर हल मऊ पडलेली लेझर काही कामाची नाही. नुसतं हुंदडायचं असेल तर कितीही जुनी चालेल, पण आधी डोलकाठीच्या भोकात काठोकाठ पाणी भरून ठेवावं. पंधरा-वीस मिनिटांनी पातळी उतरली असेल तर ते पाणी हलच्या आत गेलं, आणि काठी तिथे एके दिवशी डेक फाडून बाहेर येणार. दुसरं, होडी काट्यावर ठेवावी. रिकामा हल साधारण ५९ किलोचा असायला हवा. पाच-सात किलो जास्त भरला तर ते वाढीव वजन पाण्याचं आहे, आत कुठेतरी मुरलेल्या. लहान होडीची यापेक्षा प्रामाणिक तपासणी मला माहीत नाही. काट्याला पॉलिश दिसत नाही.

फोडांबद्दलही लोक फार घाबरवतात. पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या होडीच्या तळाला जेलकोटमधून पाणी झिरपतं, आत विरघळणाऱ्या पदार्थांशी मिळून आम्ल होतं, आणि बारीक बारीक फोड येतात. फोडला तर व्हिनेगरसारखा वास येतो. दिसायला देवी आल्यासारखं. पण थोड्या फोडांनी होडी बुडत नाही. बहुतेकदा ते सौंदर्याचं दुखणं असतं, आणि विकत घेणाऱ्याच्या दृष्टीनं तर भाव पाडायचं उत्तम साधन. कुजलेला डेक न बघता फोड मोजत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. ट्रेलरवर राहणाऱ्या होडीला ते क्वचितच येतात.

कीलच्या बाबतीत मात्र मामा कडक होता. खाली वाकून त्यानं कील दोन्ही हातांनी धरली आणि जोरात डावी-उजवीकडे हलवली. वर उचलता येणारी कील एका जाड पिनवर लोंबत असते. पीन आणि तिचं भोक झिजलं की ती घंटेच्या लोलकासारखी ठोके देते. स्थिर कील असेल तर ती हलला जिथे जोडलेली असते तिथे पुढच्या टोकाला हसल्यासारखी वाकडी चीर आहे का ते बघायचं, आणि आत बोल्टच्या नटांभोवती गंज आहे का ते. मग सुकाणूचं पातं. होडी पाण्याबाहेर काढून दोन दिवस झाले तरी पात्याच्या खालच्या कडेला ओलसर रेघ दिसत होती. “पाणी पितंय,” मामा म्हणाला आणि वहीत टिपलं. आउटबोर्डबद्दल फार लिहीत नाही: थंड असताना चालू करून दाखवायला सांगावं, आणि बाजूनं थंडाव्याच्या पाण्याची पिचकारी येते का बघावं. विकणाऱ्यानं तुम्ही यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर त्याला काहीतरी माहीत आहे.

मालक इतका वेळ धक्क्यावर खुर्ची टाकून बसून होते. सत्तरीच्या पुढचे. मामा खाली उतरून हात पुसत त्यांच्यापाशी गेला.

“काका, होडीत काय काय बिघडलेलं आहे?”

मी चपापलो. विकणाऱ्याला असं विचारतात? पण काका जरासुद्धा अडखळले नाहीत. “सुकाणूत पाणी जातं. डावा तिसरा खांब गळतो, या वर्षी करायचा होता. पुढच्या खिडकीची काच धुरकट झालीये. मोठ्या शिडाचं आता काही खरं नाही, दोन मोसम फार तर. बाहेरचा रंग, ते तर दिसतंच आहे. दिव्यांच्या वायरी मी स्वतः घातल्यात, त्यामुळे कुणा जाणकाराला दाखवून घ्या.” मग थोडं आठवून, “आणि चौथ्या बाकाखालचं झाकण उलटं बसतं. सुलटं बसवायचा प्रयत्न करू नका.”

डावा तिसरा खांब. मामाच्या खडूचा गोल त्याच खांबाशी होता.

“किती वेळा नेता बाहेर?” मी विचारलं.

“दर आठवड्याला. वादळबिदळ सोडून.”

“म्हणजे बरीच झिजली असेल.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विचारलं होतं की रोज जेवल्यानं दात झिजतात का. “झिजलेलं बदलत गेलो,” ते म्हणाले. आणि पिशवीतून एक जाड वही काढून दिली, पावसानं फुगलेली, पाठीला चिकटपट्टी लावलेली. २१ वर्षांच्या नोंदी. ‘पुढची तार बदलली.’ ‘मोठं शीड, दुसऱ्या रीफजवळ शिवण उसवली, घरीच टाचली.’ ‘चेनप्लेट चारही काढल्या, दोन खराब, चारही नव्या.’ ‘क्लीट पुन्हा बसवल्या. भोकं मोठी करून एपॉक्सी भरलं, मग पुन्हा छिद्रं पाडली.’ हे शेवटचं वाचून मला माझी खाजरी मनगटं आठवली. भोकाच्या भोवतालचं बाल्सा कोरून तिथे एपॉक्सी भरलं की पुढे सीलंट सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या पहिल्या होडीच्या मालकानं ते केलं असतं तर माझे तीन महिन्यांचे रविवार वाचले असते. तारा सहा वर्षांपूर्वीच्या होत्या. पुढचं शीड तीन वर्षांचं. ३८ वर्षांची म्हातारी म्हणून जिच्याकडे मी पाठ फिरवणार होतो, तिच्या कामाच्या जवळजवळ सगळ्या भागांचं वय माझ्या ‘जवळजवळ नव्या’ होडीपेक्षा कमी होतं.

का विकताय, हे विचारायचं राहिलं होतं. काकांनी नुसता गुडघ्यावर हात ठेवला. पुढच्या डेकवर आता जाता येत नव्हतं.

मोठं शीड, सुकाणूचं पातं, एक खांब, काच, वायरी: मामानं यांचा खर्च वहीच्या कागदावर एकाखाली एक मांडला आणि होडीच्या किमतीशेजारी ठेवला. लहान जुन्या होडीच्या बाबतीत हे गणित फार लवकर उलटं होतं. नवी शिडं आणि नव्या तारा एवढ्यातच होडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जाऊ शकतात, आणि पुढे विकताना त्यातला फारच थोडा हिस्सा परत मिळतो. म्हणून फुकट मिळालेली मोडकी होडी सगळ्यात महाग पडते. तसंच, भाग मिळतील का हेही बघावं लागतं. १९६९ पासून १५,००० हून अधिक बनलेली कॅटलिना २२ सारखी होडी असली की पिनेपासून पात्यापर्यंत सगळं मिळतं, आणि तुमचं दुखणं आधी कुणालातरी झालेलं असतं. पाच-पन्नासच बनलेल्या देखण्या होडीची कप्पीसुद्धा घडवून घ्यावी लागते. ही होडी पहिल्या जातीतली होती. घासाघीस मामानं केली, थोडीच. “अशा माणसाशी फार ताणू नये,” तो मला नंतर म्हणाला, “वही देणार नाही तो.”

पाण्यात नेऊन बघितली तेव्हा वारा जेमतेम होता. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, सोडून दिला तर तिनं हळूच वाऱ्याकडे तोंड वळवलं आणि शीड फडफडवत उभी राहिली, जशी नीट बांधलेली होडी राहते. मोठं शीड खरंच चादर झालं होतं.

पहिली होडी मी डेक दुरुस्त करून विकली. जाहिरातीत खरं तेच लिहिलं: नऊ वर्षं उभी होती, पुढचा डेक बदलला, चेनप्लेट बदलल्या, शीड ठिगळाचं. पहिला फोन आला त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “पण तुम्ही फार वापरली तर नाही ना?”

काकांची वही आता माझ्या पिशवीत असते. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली मी एक रेघ मारली आणि तारीख घालून लिहिलं, ‘डावा तिसरा खांब काढला. आतलं लाकूड वाटीभर ओलं, कोरून एपॉक्सी भरलं.’ परवा त्याखाली आणखी एक ओळ वाढली. ‘चौथ्या बाकाखालचं झाकण सुलटं बसवून पाहिलं. कड तुटली.’